कपाटात न बसणाऱ्या कादंबरीवर वाचकांना बोलतं कसं करावं

"हे पुस्तक मले वाचता येत नाही, पन ठेवताबी येत नाही."

केळीची बाग असलेले एक काका देवघेवीच्या टेबलाशी उभे राहून मला हे म्हणाले होते. हातात भालचंद्र नेमाडे यांची 'कोसला'. वाचनालयात एकाच पुस्तकावर सगळ्यांनी मिळून बोलायचं, अशी बैठक आम्ही पहिल्यांदाच ठरवली होती आणि मी वहीत एकेकाचं मत टिपत होते. काकांच्या नावापुढे मी लिहिलं : 'शैली दुर्बोध वाटली.'

काका असं म्हणालेच नव्हते. दुर्बोध वाटलेलं पुस्तक माणूस मुकाट्याने परत करतो आणि दुसरं नेतो. काकांना ते परत करवत नव्हतं. दोनदा मुदत वाढवून त्यांनी ते त्रेचाळीस दिवस घरी ठेवलं. माझ्या वहीतल्या तीन शब्दांत त्यातलं काहीच उरलं नाही. ती चूक मला आजही बोचते, कारण त्या एका वाक्यात पुस्तकाचं आणि वाचकाचं जे नातं होतं ते मला नंतर कुठल्या परीक्षणात सापडलं नाही.

तापीच्या काठच्या एका तालुक्याच्या गावी मी ३१ वर्षं ग्रंथपाल होते. आमचं वाचनालय सरकारी वर्गवारीत 'ब' वर्गातलं. दोन खोल्या, पुढे ओटा आणि ओट्यासमोर कडुनिंब. त्या ओट्यावर आम्ही ज्या बैठका घेतल्या, त्यातल्या निम्म्याहून अधिक अशा कादंबऱ्यांवर होत्या ज्या कुठल्या प्रकारात टाकाव्यात हेच कळत नाही. डायरी म्हणावी तर डायरी नाही, आत्मचरित्र म्हणावं तर तेही नाही, मधेच लोककथा, मधेच इतिहास. लेखकाची पहिलीच कादंबरी असली की हा गोंधळ आणखी वाढतो, कारण 'हा माणूस असंच लिहितो' असं म्हणायला आधीचं काही हाताशी नसतं. अशा पुस्तकावर वाचकांचं खरं म्हणणं कसं काढून घ्यायचं, ते मी इथे लिहिते आहे. गावच्या वाचनालयात, सोसायटीत, कॉलेजात किंवा परदेशातल्या महाराष्ट्र मंडळात, कुठेही हे करता येईल.

उदाहरण म्हणून मी 'कोसला'च धरते. एक तर ती आमच्या भागातली : नेमाडे यावल तालुक्यातल्या सांगवीचे, जन्म १९३८चा. कादंबरी १९६३ साली पुण्याच्या देशमुख आणि कंपनीने काढली, तेव्हा लेखक पंचविशीत होते. दुसरं म्हणजे सरावाला हिच्याइतकं चांगलं पुस्तक नाही. पांडुरंग सांगवीकर नावाचा खानदेशातला मुलगा पुण्याला कॉलेजात जातो, होस्टेलमध्ये राहतो, मेस चालवायला घेतो, पैसे घालवतो, परीक्षेत अपयशी ठरतो आणि गावाला परत येतो. गोष्ट एवढीच. पण ती सांगताना मधे पानंच्या पानं रोजनिशी येते. दोघं मित्र आजच्याच काळाकडे उत्खननात सापडलेल्या जुन्या इतिहासासारखं पाहून बोलू लागतात. अजिंठा येतो, बुद्ध येतो. आणि 'उदाहरणार्थ' व 'वगैरे' हे दोन शब्द इतक्या वेळा येतात की वाचणारा आठवडाभर घरात तसंच बोलतो.

आधीचं पुस्तक बघा

बैठक ठरली की बहुतेक जण पहिल्यांदा पुस्तकाची माहिती गोळा करतात. ती नंतर. आधी प्रत्येक वाचकाने याच्या अगोदर काय वाचलं होतं ते बघा. मला हे सोपं होतं, कारण वाचकाच्या कार्डावर सगळं असतं. तुमच्याकडे कार्ड नसेल तर सरळ विचारा : "हे हातात घेण्याआधीची दोन पुस्तकं कोणती?" उत्तर लिहून ठेवा.

हे मी टेबलामागे बसूनच शिकले. आमच्या एका निवृत्त शिक्षकांनी 'कोसला' तिसऱ्या दिवशी आणून टेबलावर ठेवली आणि "याला कादंबरी म्हणत नाहीत" एवढं बोलून गेले. त्यांच्या कार्डावर आधीची नोंद 'स्वामी'ची होती, तीही चौथ्यांदा नेलेली. त्याच आठवड्यात इंजिनिअरिंगला असलेल्या एका मुलाने 'कोसला' दोन रात्रींत संपवली आणि आईला म्हणाला, आमच्या होस्टेलचंच आहे हे. त्याच्या कार्डावर आधी काहीच नव्हतं. शाळेच्या पुस्तकांनंतर त्याने वाचलेली ही पहिलीच कादंबरी. सरांना पुस्तक कळलं नाही असं नाही आणि मुलाला जास्त कळलं असंही नाही. सर एका दारातून आत शिरले होते, मुलगा दुसऱ्या.

आणि हे १९६३च्या वाचकालाही लागू होतं, हे ध्यानात घ्या. वि. स. खांडेकर यांची 'ययाति' १९५९ची, रणजित देसाई यांची 'स्वामी' १९६२ची. कादंबरीचं तंत्र कसं असावं हे ना. सी. फडके यांनी 'प्रतिभासाधन' या पुस्तकात १९३१ सालीच मांडून ठेवलं होतं, आणि घट्ट विणलेलं कथानक, उत्कंठा, नेटका शेवट यांची सवय वाचकाच्या अंगात मुरलेली होती. 'स्वामी' वाचून खाली ठेवलेल्या माणसाच्या हातात वर्षभरात 'कोसला' आली, तर त्याला काय वाटलं असेल याचा विचार करा. सरांचं "याला कादंबरी म्हणत नाहीत" हे वाक्य मी म्हणूनच खोडत नाही. नव्या पद्धतीचं पहिलं पुस्तक जुन्या सवयीवर जिथे आदळतं, तिथला तो आवाज आहे. तो टिपायलाच हवा.

प्रती, मुदत, आणि पुस्तकात ठेवायचं कार्ड

नऊ ते बारा माणसं पुरेत. त्याहून जास्त झाली की तिघं बोलतात आणि बाकीचे ऐकतात. त्यात दोन-तीन जण तरी असे घ्या जे एरवी रहस्यकथा, धार्मिक किंवा शेतीची पुस्तकंच नेतात. सगळे 'साहित्यातले' घेतलेत तर त्यांना काय वाटलं हे कळेल, पण पुस्तकाचं काय झालं हे कळणार नाही.

दोघांत एक प्रत चालते, तिघांत नाही. मुदत सहा आठवड्यांची द्या. नेहमीच्या पंधरा दिवसांत असलं पुस्तक वाचून होत नाही, आणि घाईत वाचलं की वाचक फक्त गोष्ट शोधतो.

प्रती वाटण्यापूर्वी मी पुस्तकाला खाकी कव्हर घालते, शाळेच्या वह्यांना घालतो तसं. मलपृष्ठावरचा मजकूर झाकला जातो. 'कोसला'वर पु. ल. देशपांडे यांच्यासारख्यांनी भरभरून लिहिलेलं आहे, आणि नेमाड्यांना २०१४चा ज्ञानपीठ पुरस्कार मिळालेला सगळ्यांनाच माहीत आहे. एवढा मोठा गौरव समोर असला की साधा वाचक आपलं न जमलेलं सांगायला कचरतो. "मला कळलं नाही म्हणजे माझ्यातच कमी असेल," असं धरून तो गप्प बसतो. खाकी कागद घातला की थोडी समता येते. नव्या लेखकाचं पुस्तक असेल तर उलट कारणासाठी झाका : वाचकाने त्याला नवखा म्हणून सांभाळून घ्यायला नको.

प्रत्येक प्रतीत एक कोरं कार्ड ठेवा, पोस्टकार्डाच्या मापाचं. त्यावर मी तीनच गोष्टी लिहायला सांगते :

कुठल्या पानावर थांबलात, आणि थांबून काय केलंत?
घरातल्या कुणाला एखादी ओळ वाचून दाखवलीत का? कुठली?
'काय वाचतेस?' असं कुणी विचारलं तेव्हा काय सांगितलंत?

'आवडली का' हा प्रश्न कार्डावर नको. तोंडीसुद्धा नको. त्या प्रश्नाला माणूस 'हो' किंवा 'ठीक' म्हणतो आणि विषय संपतो. 'थांबून काय केलंत' याला मात्र उत्तर देताना त्याला तो क्षण आठवावाच लागतो. एका बाईंनी लिहिलं होतं : "मेसच्या हिशोबाशी थांबले. उठून आमच्या भिशीची वही काढली आणि बेरीज परत केली." एका तरुण शेतकऱ्याने : "बापाशी बोलणं आहे तिथे थांबलो. दोन दिवस पुस्तक गोठ्यातच होतं." मी स्वतः कितीही डोकं खाजवलं असतं तरी या दोन ओळी मला सुचल्या नसत्या.

तिसऱ्या प्रश्नाचं महत्त्व मला फार उशिरा कळलं. कपाटात न बसणारं पुस्तक वाचणारा माणूस घरच्यांना त्याचं वर्णन करताना अडखळतो, आणि त्या अडखळण्यात पुस्तकाचं वेगळेपण नेमकं उतरतं. एका काकूंनी सासूबाईंना सांगितलं होतं, "एक मुलगा आहे, तो सगळं सांगतो आणि मग म्हणतो की सांगण्यासारखं काही नाही."

बैठकीची संध्याकाळ

खुर्च्या गोल मांडा. आमच्याकडे सतरंजी असते. पुस्तकाचा परिचय करून देणारं भाषण ठेवू नका. प्राध्यापक पाहुणे बोलावू नका, निदान पहिल्या बैठकीला तरी. मी एकदा बोलावले होते. ते फार चांगलं बोलले, पाऊण तास बोलले, आणि त्यानंतर आमचा प्रत्येक वाचक त्यांचेच शब्द वापरून बोलू लागला. 'अस्तित्ववाद' हा शब्द त्या संध्याकाळी सात जणांनी उच्चारला. कार्डांवर तो एकाही ठिकाणी नव्हता.

सुरुवात ज्यांनी पुस्तक अर्धवट सोडलं त्यांच्यापासून करा. यावर माझा फार भर आहे. पुरं वाचलेला माणूस आधी बोलला की सोडलेल्याला गुन्हेगार असल्यासारखं वाटतं आणि तो "वेळ मिळाला नाही" म्हणून सुटका करून घेतो. सोडलेला आधी बोलला, आणि तुम्ही त्याला पान नंबर विचारून ते पान उघडून सगळ्यांसमोर वाचलंत, की बोलणं पुस्तकावर येतं. पुष्कळदा असं होतं की ज्या पानावर एकाने सोडलं, तिथूनच दुसऱ्याला पुस्तक धरून ठेवायला लागतं. 'कोसला'त ते रोजनिशीच्या भागात झालं. आमच्यापैकी चौघांनी तिथे पुस्तक मिटलं होतं, कारण "पुढे काही घडतच नाही". आणि आमच्या पोस्टातून निवृत्त झालेल्या काकांनी नेमका तोच भाग दोनदा वाचला होता. ते म्हणाले, "रोज काही घडत नाही, तेच तर त्यात आहे. मी तीस वर्षं शिक्के मारले, माझी डायरी अशीच झाली असती."

चहा या पहिल्या फेरीनंतर द्या, आधी नको. चहाबरोबर लोक दोघा-दोघांत बोलायला लागतात, आणि ज्यांचा आवाज गोलात निघत नाही त्यांचं म्हणणं तिथे निघतं. कपबशी हातात असताना कान उघडे ठेवा.

मग दोन पानं मोठ्याने वाचा. वाचणारा माणूस त्याच भागातला असेल तर उत्तम. 'कोसला' डोळ्यांनी वाचताना ज्यांना कोरडी वाटली होती, ते वाचून दाखवल्यावर हसायला लागले. त्यातलं हसू बोलण्याच्या लयीत आहे आणि आमच्याकडची माणसं ती लय जन्मापासून ऐकत आलेली आहेत. नव्या पद्धतीचं गद्य कानाला आधी कळतं, डोळ्यांना मागून. हे मी अनेक पुस्तकांच्या बाबतीत पाहिलं आहे.

यानंतरचा प्रश्न माझा आवडता. मी पुस्तक वर धरते आणि विचारते : "सांगा, कुठल्या कपाटात ठेवू?" आमच्याकडे कपाटांवर कादंबरी, कथा, चरित्र-आत्मचरित्र, इतिहास, प्रवास, काव्य, नाटक अशा पट्ट्या आहेत. दशांश पद्धतीने वर्गीकरण केलं तर मराठी कथा-कादंबरीचा क्रमांक ८९१.४६३, आणि 'कोसला'च्या पाठीवर तोच आहे. पण वाचक काय म्हणतात ते बघायचं असतं. प्रत्येकाने चिठ्ठीवर कपाटाचं नाव लिहायचं आणि का ते एका वाक्यात सांगायचं. त्या संध्याकाळी अकरा चिठ्ठ्या होत्या : चार आत्मचरित्राच्या, चार कादंबरीच्या, एक इतिहासाची, एक कोरी. आणि अकरावीवर लिहिलं होतं, "टेबलावरच राहू द्या." प्रकारांची सरमिसळ असलेल्या पुस्तकावर 'शैली कशी वाटली' असं विचारून जे निघत नाही, ते या साध्या चिठ्ठ्यांतून निघतं. इतिहासाची चिठ्ठी लिहिणाऱ्या मुलीने सांगितलं की आपल्याच काळाला शंभर-दोनशे वर्षांनंतरचं कुणीतरी उकरून काढतंय असा भाग वाचल्यावर तिला स्वतःचं कॉलेज परकं दिसायला लागलं. तिच्या या वाक्यानंतर शिक्षक सरांनी पुस्तक परत मागून घेतलं.

आणखी एक प्रश्न फक्त याच पुस्तकापुरता. 'कोसला'ची अर्पणपत्रिका 'शंभरातील नव्व्याण्णवांस' अशी आहे. ती वाचून मी विचारलं, तुम्ही नव्व्याण्णवांत की उरलेले एक? सगळे एकदम बोलले. कुठल्याही पुस्तकात अशी एक खुंटी असते, अर्पणपत्रिका, शीर्षक, शेवटचं वाक्य. बैठकीआधी ती शोधून ठेवा.

"हे खरं कोण?"

आमच्या भागात हा प्रश्न टळत नाही. सांगवी इथून लांब नाही. कुणाला तरी कुणाचा मामा माहीत असतो, कुणी म्हणतं वडिलांचं पात्र अमक्यावरून घेतलंय. कॉलेज कुठलं, होस्टेल कुठलं, मित्र पुढे काय झाले. अर्धा तास यात सहज जातो. पहिल्या कादंबरीच्या बाबतीत वाचक हे जास्तच करतो. लेखकाचं आयुष्य हीच त्याला एकमेव गुरुकिल्ली वाटते.

मी हा प्रश्न दाबत नाही. दहा मिनिटं देते. मग विचारते, "समजा हे सगळं खरं घडलेलं आहे. मग ते असं का सांगितलं असेल? सरळ 'माझं बालपण' असं का नाही?" या प्रश्नाने गाडी वळते. दहापैकी नऊ वेळा वळते. न वळल्यास पुन्हा दोन पानं वाचायची.

मनीचा भाग

याबद्दल मला जरा सावकाश लिहायचं आहे. पांडुरंगची धाकटी बहीण मनी मरते. त्या पानांवर कार्डांत जवळजवळ सगळ्यांनी थांबल्याचं लिहिलं होतं. पण एक कार्ड कोरं आलं. ज्या ताईंचं ते होतं त्या बैठकीला आल्या, शेवटपर्यंत बसल्या आणि काही बोलल्या नाहीत. मी तेव्हा नवखी होते. मी त्यांना विचारलं, "ताई, तुम्ही काहीच सांगितलं नाही?" त्या म्हणाल्या, "मला नाही सांगायचं." सगळे त्यांच्याकडे बघायला लागले. मी तसं विचारायला नको होतं.

म्हणून हा नियम पक्का करा : गोलात ज्याने बोलणं टाळलं त्याला दुसऱ्यांदा विचारायचं नाही. कोरं कार्डही प्रतिसादच आहे, ते इतर कार्डांबरोबर जपून ठेवायचं, त्यावर 'मत दिले नाही' असं लिहायचं नाही. त्या ताई पुढे दीड वर्षाने एकदा दुपारी आल्या, वाचनालयात कुणी नव्हतं, आणि 'कोसला' पुन्हा मागितली. मी काही न विचारता नोंद केली.

दुःखाच्या भागावर चर्चा घडवायची असेल तर 'कसं वाटलं' म्हणू नका. पानावरच्या शब्दांकडे जा. इथे लेखकाचं ते नेहमीचं 'वगैरे' कुठे गेलं? बोलण्याची चाल कुठे बदलली? ज्यांना बोलायचं असतं ते या वाटेने बोलतात, ज्यांना नसतं त्यांना आडोसा मिळतो.

वाद झाला तर

होऊ द्या. आमच्याकडे दोन मुद्द्यांवर झाला. वडिलांबद्दल मुलगा असं बोलतो हे वयस्करांना सहन झालं नाही. आणि एका शिक्षिकेने विचारलं की एवढ्या मोठ्या पुस्तकात आई-बहिणी सोडल्या तर बायका कुठे आहेत. यावर दोन-तीन पुरुष वाचक लेखकाच्या बाजूने धावून आले. लेखकाची वकिली करणाऱ्याला थांबवा, मग लेखक कितीही मोठा असो. वाचकाने काय पाहिलं ते पुरं सांगून होऊ द्या, मग पुस्तकात दाखवा. शिक्षिकेचा मुद्दा मी वहीत जसाच्या तसा उतरवला आणि पुढच्या प्रत्येक बैठकीत, दुसऱ्या पुस्तकांच्या वेळीही, तो कुणी ना कुणी आठवला.

टिपायचं कसं

माझी पहिली चूक वर सांगितलीच आहे. टिपणाऱ्याने भाषांतर करायचं नाही. वाचक अहिराणीत बोलला तर अहिराणीत, लेवा बोलीत बोलला तर तसं, अर्धं वाक्य बोलून थांबला तर अर्धंच लिहून पुढे टिंबं. 'प्रभावी', 'मनाला भिडणारी', 'वेगळ्या धाटणीची' असले शब्द टिपणाऱ्याच्या पेनातून येतात, वाचकाच्या तोंडून क्वचितच. असा शब्द लिहिला गेला तर स्वतःला विचारा, हे कुणी म्हणालं? कुणीच नाही, तर खोडा.

दोन जणांनी टिपा घ्याव्यात. मोबाईलवर ध्वनिमुद्रण करायचं असेल तर आधी सगळ्यांची परवानगी घ्या. पण मला स्वतःला वही बरी वाटते, मोबाईल मधे ठेवला की आमची माणसं सभेत असल्यासारखी बोलतात.

गुण देऊ नका. पाचापैकी किती, दहापैकी किती, काही नको. सरांनी पहिल्या दिवशी शून्य दिलं असतं आणि पाच महिन्यांनी कदाचित चार. त्यातलं खरं कुठलं?

तीन महिन्यांनी पुन्हा

पहिली बैठक संपली की पुढची तारीख तिथेच सांगा, तीन महिन्यांनंतरची. वाचायला काही द्यायचं नाही. फक्त त्याच माणसांनी यायचं आणि सांगायचं की पुस्तकातलं आता काय आठवतं. तासाभरात संपते ही बैठक, पण जुन्या कार्डांशेजारी ही नवी टिपणं ठेवली की थक्क व्हायला होतं. ज्यांनी पहिल्यांदा कथानक नाही म्हणून तक्रार केली होती, त्यांना कथानकातलं सगळं आठवत होतं. ज्यांनी फार स्तुती केली होती त्यातल्या दोघांना फक्त स्तुती केल्याचं आठवत होतं.

याच बैठकीत आता इतरांनी काय लिहिलं ते वाचायला काढा. 'कोसला'च्या बाबतीत सोय आहे : बाबा भांड यांनी संपादित केलेलं 'कोसलाबद्दल' नावाचं पुस्तकच आहे. सुधाकर मराठे यांनी केलेलं इंग्रजी भाषांतर 'ककून' या नावाचं. आमच्यातल्या एका नातवंडवाल्या आजींनी ते अमेरिकेतल्या नातीला घ्यायला लावलं आणि दोघी फोनवर एकेक पान मराठी-इंग्रजी ताडून बघत होत्या. 'वगैरे'ला काय केलंय, हा त्यांचा पहिला प्रश्न होता.

नव्या लेखकाला कळवायचं असेल तर

'कोसला'च्या लेखकाला आमच्या पत्राची गरज नव्हती. पण आज कुणी तरुण लेखक-लेखिका पहिलीच कादंबरी घेऊन येतात, दोन-तीन प्रकार एकत्र करून काही नवीन बांधायला बघतात, आणि त्यांना वर्षभर एकही ओळ ऐकू येत नाही. अशांना बैठकीनंतर प्रकाशकाच्या पत्त्यावर पाकीट पाठवा. त्यात काय घालायचं : कार्डांच्या झेरॉक्स, वाचकाच्या परवानगीने, नावाऐवजी 'वय ५८, शेती' एवढंच. कपाटाच्या चिठ्ठ्या. सोडलेल्या पानांचे नंबर. स्वतःचं एक पान, त्यात बैठक कुठे झाली आणि किती जण होते. सूचना नको. 'पुढच्या वेळी असं लिहा' तर मुळीच नको. एका लेखिकेचं मला उत्तर आलं होतं, तिने लिहिलं की सोडलेल्या पानांचे नंबर मी टेबलासमोर चिकटवलेत.

मूळ कार्डं पाठवू नका. ती निळ्या किंवा काळ्या शाईनेच लिहून घेतलेली असावीत, शिसपेनने नको, पुसट होतात. जाड पाकिटात घालून पुस्तकाच्या मागच्या पुठ्ठ्याला आतून पाकीट चिकटवायचं, आणि पाकिटाच्या तोंडाला दोऱ्याची गाठ मारायची. पुढचा वाचक पुस्तक न्यायला आला की त्याला सांगायचं, गाठ पुस्तक संपल्यावर किंवा सोडल्यावर सोडा, आणि आपलं कार्ड आत टाका. आमच्या 'कोसला'च्या पाकिटात मी निवृत्त झाले तेव्हा चौसष्ट कार्डं होती. पहिलं केळीच्या बागेवाल्या काकांचं. नवं कार्ड घेऊन मी त्यांच्याकडेच गेले होते, आणि तेच वाक्य त्यांच्याच अक्षरात लिहून आणलं होतं.